राजसत्ता कोठून येते?
सुमेरच्या राजावलीचे एक चिकित्सक वाचन

पाली जातकसंग्रहात ३३९ व्या क्रमांकाला बावेरुजातक आहे. काही व्यापारी समुद्रमार्गाने एक कावळा घेऊन बावेरु देशी जातात. त्या देशात पक्षीच नसल्याने लोक कावळ्याचे कौतुक करतात, शंभर कार्षापण मोजून तो विकत घेतात आणि सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवतात. पुढच्या खेपेस तेच व्यापारी मोर आणतात. मोराला हजार कार्षापण मिळतात आणि कावळ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. बावेरु म्हणजे बॅबिलोन, हे मत अभ्यासकांत मान्य झालेले आहे. कथा लहान असली, तरी मान एकाकडून दुसऱ्याकडे का गेला याचे कारण ती सांगते.

ही कथा पालीत येण्यापूर्वी हजारांहून अधिक वर्षे त्याच भूमीत मातीवर लिहिलेला एक लेख आज आपल्यासमोर आहे. राजसत्ता एका नगराकडून दुसऱ्या नगराकडे कशी गेली हे तो क्रमाने सांगतो. का गेली हे मात्र सांगत नाही. 'सुमेरियन राजावली' या नावाने तो प्रसिद्ध आहे. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या खोऱ्यातील संस्कृतीचा इतिहास सर्वसामान्य ग्रंथांत ज्या साच्यात मांडला जातो (आधी अमुक वंश, मग तमुक वंश, एकाचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय) तो साचा बऱ्याच अंशी या राजावलीचाच आहे. म्हणून तिची चिकित्सा करणे म्हणजे केवळ एका जुन्या लेखाची चिकित्सा करणे नव्हे. इतिहास म्हणून आपण काय स्वीकारतो, याचीही ती चिकित्सा होय.

लेखाचे स्वरूप

या राजावलीच्या डझनाहून अधिक प्रती मिळाल्या आहेत. त्यांपैकी बऱ्याच निप्पुर येथील असून कित्येक खंडित आहेत. सर्वांत पूर्ण प्रत ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. भाजलेल्या मातीचा हा सुमारे वीस सेंटिमीटर उंचीचा चौकोनी स्तंभ असून त्याच्या चारही बाजूंवर पाचरीच्या आकाराच्या क्यूनिफॉर्म लिपीत प्रत्येकी दोन स्तंभ मजकूर आहे. स्टीफन लँग्डन यांनी तो १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. सर्व उपलब्ध प्रती ताडून थॉर्किल्ड याकोबसेन यांनी सिद्ध केलेली संशोधित आवृत्ती १९३९ मध्ये शिकागोहून निघाली.

राजसत्ता आकाशातून खाली आली, या विधानाने लेखाची सुरुवात होते. ती प्रथम एरिदू नगरात उतरली. पाच नगरांत आठ राजांनी मिळून २,४१,२०० वर्षे राज्य केले. मग महापूर आला. पुरानंतर राजसत्ता पुन्हा एकदा वरून उतरली, ती कीश नगरात. तेथून उरुक, उरुकहून उर, आणि पुढे अशीच ती नगरोनगरी फिरत राहिली. प्रत्येक वंशाचा शेवट एकाच साच्यातील वाक्याने होतो: नगराचा शस्त्राने पाडाव आणि सत्तेचे स्थलांतर. ऑक्सफर्डच्या प्रतीत शेवटचे नाव इसिनच्या सिन-मागिर या राजाचे आहे. त्याचा काळ इ. स. पू. १८२७ ते १८१७ असा धरला जातो.

या शेवटच्या नावातच लेखाचा हेतू उघड होतो. उरचा तिसरा राजवंश इ. स. पू. २००४ च्या सुमारास कोसळला, तेव्हा इसिनच्या इश्बी-एर्राने स्वतःला त्या साम्राज्याचा वारस म्हणवून घेतले. परंतु वारसा सांगणारे एकटे इसिन नव्हते. दक्षिणेस लार्सा नगरही तितकेच प्रबळ होत होते. राजसत्ता एका वेळी एकाच नगरात नांदते, हा सिद्धांत मान्य केला की इसिनचा दावा आपोआप सिद्ध होतो आणि लार्साचा आपोआप रद्द होतो. इतिहासाने मात्र हा दावा मानला नाही. इ. स. पू. १७९४ मध्ये लार्साच्या रिम-सिनने इसिन जिंकले आणि पुढे १७६३ मध्ये बॅबिलोनच्या हम्मुराबीने लार्साही घेतले.

आरंभीचा पुरापूर्वीचा भाग मूळचा नाही, हेही आता स्पष्ट झाले आहे. पिओत्र स्टाइनकेलर यांनी २००३ मध्ये उरच्या शुल्गी राजाच्या काळातील, म्हणजे इ. स. पू. एकविसाव्या शतकातील एक प्रत प्रसिद्ध केली. तिच्यात महापूर नाही, एरिदू नाही. आरंभ थेट कीशपासून होतो. शिवाय कीशच्या राजांची एकच सलग रांग तिच्यात आहे. नगरोनगरी सत्ता फिरण्याचे चक्र नंतर बसवले गेले. अर्थात लेखकांनी परंपरा केवळ उतरवून घेतली नाही, ती घडवली.

क्रमाची किमया

राजावलीतील वर्षांचे आकडे पाहिले की सामान्य वाचक हसतो. पहिला राजा अलुलिम २८,८०० वर्षे राज्य करतो. पुरानंतरचा एताना हा मेंढपाळ राजा पंधराशे वर्षे, एन-मे-बारागे-सी नऊशे वर्षे, गिल्गमेश १२६ वर्षे, आणि त्याचा मुलगा एकदम माणसात येऊन तीस वर्षे. कीशच्या आरंभीच्या राजांत कुत्रा, कोकरू आणि विंचू अशा अर्थाची नावेही आहेत. परंतु या आकड्यांना हसून लेख बाजूला सारणे योग्य होणार नाही. एन-मे-बारागे-सी हा खरोखर होऊन गेला. त्याचे नाव आणि कीशचा राजा ही पदवी असलेला दगडी भांड्याचा तुकडा एडझार्ड यांनी १९५९ मध्ये प्रकाशात आणला. म्हणजे लेखात सत्याचा अंश आहे. दोष आहे तो मांडणीत.

हा दोष एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गिल्गमेश आणि कीशचा राजा अगा यांच्या संघर्षावर एक सुमेरियन काव्य आहे. त्यात हे दोघे समकालीन असून एकमेकांसमोर उभे ठाकतात. राजावलीत मात्र अगा हा कीशच्या पहिल्या वंशाचा शेवटचा राजा, तर गिल्गमेश हा त्यानंतर आलेल्या उरुकच्या वंशाचा पाचवा. मधल्या चार राजांच्या कारकिर्दी मिळवल्या तर दोन समकालीन माणसांमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर पडते. शेजारी शेजारी नांदणारी नगरे लेखकाने एकाखाली एक रचली. जे एकत्र होते ते एकामागून एक झाले आणि या रचनेलाच पुढे कालक्रम म्हटले गेले.

या रांगेत आणखी काय बसले नाही? लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात उर येथे उत्खनन केले. तेथील राजकीय दफनभूमीत मेसकलमदुग आणि अकलमदुग या राजांच्या मुद्रा मिळाल्या. पुआबी राणीची मुद्रा मिळाली. राजावलीत यांपैकी एकही नाव नाही. एका खड्ड्यात चौऱ्याहत्तर देह ओळीने निजवलेले सापडले, बहुतेक स्त्रियांचे. आपल्या धन्याबरोबर त्यांना जावे लागले. संपूर्ण राजावलीत राज्य करणारी स्त्री एकच आहे: कीशची कु-बाबा. तिच्याविषयी लेख सांगतो की ती मद्यालय चालवीत होती आणि तिने शंभर वर्षे राज्य केले.

लगशचा प्रश्न

सर्वांत बोलकी वगळणूक आहे ती लगशची. राजावलीत सुमेरबाहेरच्या अवान, हमाझी आणि मारी या नगरांना जागा आहे. डोंगरातून उतरलेल्या गुती टोळ्यांच्या राजांनाही जागा आहे. परंतु सुमेरच्या ऐन मध्यात ज्याने शतकानुशतके राज्य केले, त्या लगशचा एकही राजा तिच्यात नाही. अज्ञानातून हे घडले असे मानता येत नाही. १८७७ पासून सारझेक यांनी तेल्लो येथे केलेल्या उत्खननात लगश राज्याचे इतके लेख मिळाले की प्राचीन सुमेरचे आपले ज्ञान त्यांच्यावरच उभे राहिले. ए-अन्नातुमचा गिधाडस्तंभ आणि गुदेआच्या काळ्या पाषाणातील मूर्ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत.

याच लगशमध्ये इ. स. पू. २३५० च्या सुमारास उरु-इनिमगिना नावाचा राजा झाला. त्याने मातीच्या शंकूंवर कोरवलेला लेख प्रजेच्या तक्रारींनी भरलेला आहे. प्रेत पुरताना पुरोहित जे मद्य उकळत त्याच्या सात घागरींच्या तीन केल्या; बलवानाने विधवेला व अनाथाला छळू नये असे ठरवले; कर्जापायी डांबलेल्यांना मोकळे केले, असे तो सांगतो. या मुक्ततेसाठी सुमेरियन भाषेत जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ 'आईकडे परतणे' असा होतो. राजाचे बोलणे जसेच्या तसे प्रमाण मानावे असे आम्ही म्हणत नाही. सर्व काही देवाच्या नावे केले असे म्हणून त्याने मंदिरांची मालमत्ता आपल्या घराकडे वळवली, असा संशय घेण्यास जागा आहे: राणीचे प्रशासनगृह त्याच्या काळी देवी बाऊचे गृह म्हणवले जाऊ लागले आणि कारभार राणीच्याच हाती राहिला. तरीही, आपण राज्य कशासाठी करतो याचे उत्तर देणे भाग आहे, अशी जाणीव त्या लेखात दिसते. ही जाणीव राजावलीत कोठेच नाही.

उम्मा नगराच्या लुगल-झागेसीने लगशवर चाल करून मंदिरे जाळली. राजावलीत लुगल-झागेसी आहे, उरुकचा राजा म्हणून सन्मानाने आहे. त्याने जाळलेले नगर नाही.

या वगळणुकीला एक मार्मिक उत्तर मिळालेले आहे. सोलबर्जर यांनी १९६७ मध्ये लगशच्या राजांची एक स्वतंत्र यादी प्रसिद्ध केली. तिच्यातील राजे राजावलीपेक्षाही लांबलचक वर्षे जगतात. त्या काळी मूल शंभर वर्षे दुपट्यातच असे, असेही ती सांगते. अनेक अभ्यासक तिला विडंबन मानतात. परंतु या विडंबनात एक गोष्ट गांभीर्याने आली आहे. लोकांजवळ कुदळ व नांगर नव्हते, कालवे खणलेले नव्हते, तोवर उपासमार होती, हे ती नोंदवते आणि राजांची नावे घेताना कोणी कोणता कालवा खणला हेही सांगते. वगळलेल्या नगराच्या लेखकाला नदी दिसली. मान्यता मिळालेल्या नगराच्या लेखकाला केवळ सिंहासन दिसले.

येथे आपल्याशी संबंधित एक बाब नमूद करावीशी वाटते. अक्कदच्या सार्गोनने मेलुहा देशाची जहाजे आपल्या धक्क्याला लागल्याचे लिहून ठेवले आहे. मेलुहा म्हणजे सिंधू खोऱ्याचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इ. स. पू. एकविसाव्या शतकातील लगश प्रांताच्या कागदपत्रांत 'मेलुहाचे गाव' म्हणून एका वस्तीचा उल्लेख येतो. सिंधूकडून गेलेल्या माणसांच्या वस्तीची नोंद सापडते, ती राजावलीने गाळलेल्या नगराच्या हिशेबांत.

दोन उत्तरे

राजसत्ता कोठून येते, हा प्रश्न पाली वाङ्मयातही विचारला गेला आहे. दीघनिकायातील २७ वे अग्गञ्ञसुत्त श्रावस्तीच्या पूर्वारामात वासेट्ठ व भारद्वाज या ब्राह्मणकुळात जन्मलेल्या दोघांना उद्देशून सांगितले आहे. त्यातील कथन असे: आपोआप उगवणारा तांदूळ लोक साठवू लागले; साठवण्यामुळे तो उगवेनासा झाला; म्हणून शेतांना बांध घातले गेले; बांधामुळे चोरी आली, चोरीमुळे खोटेपणा व मारहाण आली. तेव्हा लोक एकत्र जमले आणि आपल्यातीलच एकाला त्यांनी न्यायनिवाड्याचे काम दिले; त्याबद्दल आपल्या भातातील वाटा देऊ केला. त्याचे नाव महासम्मत.

दोन शब्द येथे शेजारी ठेवून पाहावेत. सुमेरियन भाषेत राजाला 'लुगल' म्हणतात: 'लु' म्हणजे माणूस, 'गल' म्हणजे मोठा. पालीतील 'महासम्मत' या शब्दातही मोठेपणा आहे. पण सुत्ताने स्वतः दिलेल्या व्युत्पत्तीनुसार तो महाजनांचा, म्हणजे लोकसमुदायाचा आहे, आणि राजा हा त्यांनी संमत केलेला. पहिल्या शब्दात माणूस मोठा, दुसऱ्यात संमती देणारे मोठे.

आयुर्मानाच्या उतरत्या आकड्यांबाबतही असेच म्हणता येते. राजावलीत आयुष्ये २८,८०० पासून तीसपर्यंत घसरतात, पण का घसरतात याचा विचार नाही. दीघनिकायातील २६ व्या चक्कवत्तिसीहनादसुत्तातही आयुर्मान ऐंशी हजार वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत उतरते. तेथे मात्र कारण दिले आहे: राजाने निर्धनांना धन दिले नाही, त्यामुळे दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या. आकडे दोन्हीकडे काल्पनिकच आहेत. परंतु एका आकड्यामागे राजाची थोरवी आहे आणि दुसऱ्यामागे उपाशी माणूस आहे.

तथापि, सुमेर म्हणजे दैवी राजसत्ता आणि पाली म्हणजे लोकसंमती असा सोपा निष्कर्ष काढणे आम्हास मान्य नाही. त्यास दोन कारणे आहेत. पहिले, सुमेरियन परंपरेतही सभेची स्मृती होती. गिल्गमेश आणि अगा यांच्या काव्यात गिल्गमेश युद्धापूर्वी वृद्धांची आणि तरुणांची संमती विचारतो. याच पुराव्यावरून याकोबसेन यांनी १९४३ मध्ये प्राचीन मेसोपोटेमियात एक प्रकारची आदिम लोकशाही होती, असा सिद्धांत मांडला. दुसरे कारण अधिक अवघड आहे, कारण ते आपल्या घरातले आहे. पाचव्या शतकात रचलेल्या सिंहलच्या महावंसाचा दुसरा परिच्छेद पाहावा. तेथे महासम्मत हा लोकांनी निवडलेला माणूस न राहता एका वंशाचा मूळपुरुष झाला आहे. त्याच्यापासून अठ्ठावीस राजे, प्रत्येकाचे आयुष्य मोजता न येण्याइतके, त्यांच्या राजधान्या कुशावती, राजगृह आणि मिथिला. आणि ही परंपरा शाक्यकुळापर्यंत आणून भिडवलेली. अग्गञ्ञसुत्ताने जन्मावर आधारित श्रेष्ठत्व नाकारले. वंसकाराने त्याच सुत्तातील नाव घेऊन जन्माचीच साखळी विणली. सुमेरच्या लेखकांनी जी युक्ती केली तीच आमच्या वंसकारांनीही केली, हे कबूल केल्याशिवाय ही चिकित्सा प्रामाणिक ठरणार नाही. रिचर्ड गॉम्ब्रिच यांनी १९९२ मध्ये अग्गञ्ञसुत्त हे मूळतः उपरोधाचे लेखन आहे असे प्रतिपादन केले. ते मत पूर्णपणे स्वीकारले नाही तरी एवढे खरे की उपरोधाचे रूपांतर वंशावळीत होण्यास फार काळ लागत नाही.

मातीची साक्ष

मग या खोऱ्याचा इतिहास कोठे शोधावा? याचे उत्तर याकोबसेन यांच्या अभ्यासाच्या वाटचालीत मिळते. राजांची यादी शुद्ध करणारा हा विद्वान चार वर्षांनी सभेकडे वळला, आणि १९५८ मध्ये रॉबर्ट ॲडम्स यांच्यासह त्याने मिठाविषयी लिहिले. कालव्यांच्या पाण्याने जमिनीत क्षार साठत गेले. क्षार कमी सोसणारा गहू मागे पडून त्याची जागा जवाने घेतली आणि अखेर दक्षिण सुमेरचे उत्पन्नच घटले, असे त्यांचे प्रतिपादन होते. मार्विन पॉवेल यांनी १९८५ मध्ये त्या पुराव्यावर गंभीर आक्षेप घेतले आणि तो वाद अभ्यासकांनी चालू ठेवला. परंतु वाद पाणी, जमीन आणि धान्य यांवर होऊ लागला, हीच मोठी प्रगती होय. सत्ता एका नगरातून दुसऱ्या नगरात का गेली, या प्रश्नाला प्रथमच आकाशाखेरीज दुसरे उत्तर मिळू शकेल असे झाले.

लगशच्या राणीच्या प्रशासनगृहातील दीड हजारांहून अधिक मृण्मय फलक उपलब्ध आहेत. त्यांवर महिन्याकाठी कोणाला किती जव दिले याचे हिशेब आहेत: विणकर स्त्रिया, त्यांची मुले, दळणाऱ्या बायका, माळी, कोळी, ओझी वाहणारे. कित्येकांची नावे आहेत. एका कारकुनाने रोजच्या कामापोटी ती लिहिली. कोणास अमर करावे असा त्याचा हेतू नव्हता. राजावलीच्या प्रती शाळेतील विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा गिरवल्या, म्हणून ती पसरली. जवाच्या यादीची प्रत कोणीही केली नाही.

आमच्या अभ्यासवर्गांत बौद्ध इतिहास शिकवताना बिंबिसार, अशोक, कनिष्क, हर्ष अशी नावांची रांग फळ्यावर लिहिली जाते. ती उपयोगी आहे आणि तिच्यावाचून कालक्रम समजत नाही, हे आम्ही जाणतो. पण सांचीच्या कठड्यांवर आणि कार्ले, कान्हेरी, जुन्नर येथील लेण्यांवर दानलेख कोरलेले आहेत. त्यांत व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, सुतार, लोहार आणि माळी आहेत. विद्यार्थ्यांनी राजांची रांग पाठ केल्यानंतर त्यांच्याकडून या लेखांतील निदान वीस नावे वाचून घ्यावीत, त्यांचे धंदे आणि गावे वहीत लिहून घ्यावीत, अशी आमची शिक्षकबंधुभगिनींना विनंती आहे. कु-बाबाविषयी राजावलीने दिली त्याहून अधिक माहिती त्या वहीत नक्कीच असेल.